दोन घरांची बातमी

गुरुजी, काल तुमची तेरवी झाली. पंगती उठल्या, मांडव सुटला, गोंदियाहून आलेले पाहुणे सकाळच्या बसने गेलेसुद्धा. आणि शाळेच्या फाटकाशेजारच्या फळ्यावर तुम्ही गेल्याची बातमी अजून लागलेली नाही. गावात कोणाची म्हैस व्याली तरी दुसऱ्या सकाळी त्या फळ्यावर यायचं. तुमचं मात्र आलं नाही. येणारा-जाणारा थांबतो, फळ्याकडे बघतो आणि मग माझ्या दाराकडे बघतो. खडूचा डबा आता माझ्याकडे आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

डबा तुमच्या वसंतानं आणून दिला. "बाबांनी सांगतलं होतं, डबा यशोदाले द्यायचा." मी विचारलं, केव्हा सांगितलं? तो म्हणाला, "असंच, बोलता बोलता." मी विचारलं, आणखी कोणी ऐकलं? तुमचा मुलगा, बाप गेलेला, डोळे सुजलेले, माझ्या शिलाई मशीनपुढे उभा, आणि मी त्याला साक्षीदार मागत होते. तो रागावला नाही. तुमच्याच घरात वाढलाय तो. "आईनं आयकलं ना," म्हणाला. मी म्हटलं, आई आणि तू मिळून एकच घर झालं. तरी डबा ठेवून घेतला.

आता तुमचा नियम. गावातल्या लहान पोरालाही तो पाठ आहे, पण तुमच्याशी बोलायला बसले आहे तर तोही पुन्हा एकदा म्हणून बघते. बातमी फळ्यावर लिहायची तर ती दोन घरांनी सांगितलेली पाहिजे. आणि ती दोन घरं एकमेकांशी न बोलणारी पाहिजेत. भाऊबंद चालत नाहीत, सोयरे चालत नाहीत, रोज एका ओट्यावर चहा पिणारे तर नाहीतच. ज्यांचं आपसात पटत नाही, जे एकमेकांच्या दारावरून जाताना मान फिरवतात, त्या दोघांनी वेगवेगळं येऊन एकच गोष्ट सांगितली, तर तुम्ही खडू हातात घ्यायचात. बातमीच्या खाली बारीक अक्षरात लिहायचात, 'दोन घरे'. कोणती ते कधीच नाही लिहिलं.

सातवीत असताना तुम्ही आम्हाला बातम्या आणायला पाठवायचात. "जा, पटलेच्या घरी विचार. मंग कटरेच्या दुकानात विचार. पटलेनं काय सांगतलं ते कटरेले सांगू नको." पटले म्हणजे आजच्या सरपंचबाईंचे यजमान, त्यांचं घर, आणि कटरे म्हणजे चौकातलं किराणा दुकान. दोघांच्या बांध्या लागून, धानाला पाणी द्यायचा मार्ग एक, आणि त्यांच्यातल्या धुऱ्यावरून, शेताच्या हद्दीवरून, असलेलं भांडण माझ्या जन्माच्याही आधीचं. तुमच्यासाठी ती दोन घरं म्हणजे सोन्याचा तराजू होता. गावात कोणाचं कोणाशी केव्हापासून बोलणं बंद आहे, हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. लोक म्हणायचे गुरुजी भांडणं मिटवत नाहीत. मला तर संशय होता की तुम्ही ती जपून ठेवता.

संशय. गावात मला याच नावाने ओळखतात. ब्लाउज शिवायला आलेली बाई माप देताना म्हणते, "माप नीट घे वो, तुया माणसायवर भरोसा नाई, कपड्यावर तरी ठेव." तुम्ही एकटेच म्हणायचात की यशोदा संशयी नाही, ती दुसऱ्या घराची वाट बघते. केवढी मोठी शाबासकी होती ती मला! टोल्यातली, शाळेला लागलेल्या वस्तीतली पोरगी, गोंडाची, पायात चप्पल नाही, आणि गुरुजी म्हणतात ही नीट ऐकते. तुमचे हे उपकार मी विसरणार नाही. राग आहे तो वेगळा.

राग तुमच्या नियमावरच आहे, आणि तो जुना आहे. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की तुम्ही गावाचा आणि शाळेचा इतिहास सांगायचात. पहिला वर्ग कोणाच्या गोठ्यात भरला, तलाव फुटला तेव्हा पोरांना कोणत्या झाडावर बसवलं, पहिली मुलगी शाळेत केव्हा आली. शाळेची जागा कोणी दिली, तिथे आलात की तुम्ही पुढे निघून जायचात. पटले म्हणतात, आमच्या आज्यानं दिली. टोला म्हणतो, ती जागा आमच्या देवाच्या साजाच्या झाडाखालची, आम्ही पोरांसाठी सोडली आणि देव पलीकडे नेला. मी अध्यक्ष झाले, शाळा व्यवस्थापन समितीची, त्या वर्षी भर कार्यक्रमात उभं राहून विचारलं, गुरुजी, जागेचं काऊन नाही सांगत? तुम्ही म्हणालात, "दोन घरायनं एकसारखं सांगतलं नाई अजून."

मी म्हणाले, कधी सांगतील? पटलेचं घर आमच्या बाजूनं साक्ष देणार आहे का? टोल्याची गोष्ट टोल्यालाच माहीत असते. आमच्याकडे अस्वल आलं, आमची विहीर आटली, आमच्या पोरीला बसवाल्यानं उतरवून दिलं, तर वरच्या मोहल्ल्यातलं कोणतं घर ते बघायला येतं? मग ते कधीच बातमी होत नाही. आणि तुम्ही बिसेन, ते पटले, ते कटरे. सगळे एका जातीचे, कुठे ना कुठे नातं निघतंच. हा नियम तुम्ही खऱ्यासाठी केला की तुमच्या लोकांसाठी, हे मला आजही पक्कं माहीत नाही. मी हे बोलले तेव्हा तुम्ही बराच वेळ मान हलवत राहिलात. ती तुमची सवयच होती. समोरचा काहीही बोलो, तुमची मान हळूहळू वरखाली होत राहायची. नवीन माणसाला वाटायचं गुरुजींना पटलं. आम्हाला माहीत होतं की गुरुजी फक्त ऐकून राहिले.

पण त्यानंतर एक झालं. टोल्याच्या हातपंपाला लाल पाणी यायला लागलं होतं. कितीतरी दिवस फळ्यावर काही नाही. मी तुमच्याशी बोलणं जवळजवळ सोडलंच होतं. मग एका सकाळी पोरं धावत आली, आणि मी जाऊन पाहिलं. तुम्ही लिहिलं होतं, 'टोल्याचे एक घर म्हणते की हातपंपाचे पाणी लाल येते. दुसरे घर असल्यास कळवावे.' एवढ्या वर्षांत एका घराची बातमी तुम्ही फळ्यावर घेतली ती ही एकच. त्याच दुपारी कटरेची म्हातारी आई काठी टेकत आली आणि म्हणाली, मोहफुलं आणायला गेले होते, मीपण पिले ते पाणी, दोन दिवस पोट धरून होते. दुसऱ्या सकाळी खाली 'दोन घरे' आलं. तुम्ही माझ्याशी त्यावर एक शब्द बोलला नाहीत. मीही आभार मानले नाहीत. मनात मात्र तुमच्या पाया पडले होते, ते आज सांगते.

म्हणूनच यंदाचं मला इतकं लागलं, गुरुजी.

हिवाळ्यात आपल्या शाळेचं बोलणं सुरू झालं. पोरं कमी आहेत, मग हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकू, तिथे कॉम्प्युटर आहे, मैदान आहे. वरच्या मोहल्ल्यातली पोरं तशीही गाडीनं देवरीला जातातच. उरतात ती टोल्याची. हायवेवर रायपूरकडे जाणारे ट्रक कसे सुटतात ते तुम्हाला सांगायला नको. माझी लेक चौथीत आहे. मी तिला एकटी त्या रस्त्यापलीकडे पाठवणार नाही, आणि रोज सोडायला गेले तर मशीन कोण चालवेल. टोल्यातल्या निम्म्या पोरी घरी बसतील. समितीत मी नाही म्हणाले. वरून आलेले शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, गावातल्या जाणत्या माणसांचंही मत घेऊ. जाणता माणूस म्हणजे कोण? गावात दुसरं कोण होतं!

मग पटलेभाऊ माझ्या दारापुढे गाडी थांबवून म्हणाले, "यशोदाबाई, अब टेन्शन मत लो. गुरुजीनं देवरीत साहेबासमोर होकार देल्ला. बात खतम." मी मनात मोजलं. एक घर झालं. पटलेंना शाळेच्या रस्त्याकडच्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचे आहेत असं गावात कोणीही सांगेल, आणि त्यांच्याच गाडीतून तुम्हाला देवरीहून येऊन उतरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मी थांबले. तुमचीच विद्यार्थिनी ना.

होळीच्या बाजाराला कटरेच्या दुकानात गेले होते. साखर बांधताना कटरे आपणहून म्हणाले, "गुरुजीनं बी हाव म्हणून देल्लं म्हणतात शाळेचं. आता काय करता तुमी?" माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. पटले आणि कटरे. तुमचा सोन्याचा तराजू. दोघांनी वेगवेगळं, न विचारता, एकच सांगितलं.

तिथून सरळ तुमच्या अंगणात आले. तुम्ही खडू भिजवून ठेवत होतात, भिजवलेला खडू ठळक उठतो म्हणून. काकू, वसंताची आई, सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी म्हटलं, गुरुजी, दोन घरं झाली. कशाची ते तुम्ही विचारलं नाही. तेव्हाच मला कळलं की तुम्हाला ठाऊक आहे. काकूंचं सूप थांबलं. तुम्ही मान हलवली, नेहमीसारखी, आणि म्हणालात, "अजून एक घर पाह्य."

"कायले? तुमचा नियम तर दोन घरायचा आहे."

"यावेळी तीन पाह्य."

"सोतावर आलं तं नियम बदलला?"

त्यापुढे मी जे बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल. हो की नाही ते तरी सांगा, असं मी तीनदा म्हटलं. तुम्ही खडू उलटे-पालटे करत राहिलात. काकू मध्ये म्हणाल्या, "बाई, थोडी थांब वो," आणि तुम्ही त्यांच्याकडे असं पाहिलंत की त्या पुन्हा पाखडायला लागल्या. ते पाहणं माझ्या मनात रुतून बसलं. काहीतरी लपवताय, एवढं नक्की झालं. मी म्हटलं, आजपासून माझं घर तुमच्या घराशी बोलणार नाही. आणि निघाले.

बोललेही नाही. तुम्ही रस्त्यात दिसलात की मी वळून जायची. तुम्ही फळ्याजवळ असलात की मी खिडकीचा पडदा ओढायची. माझी लेक मात्र तुमच्याशी बोलायची, ते मला नंतर कळलं. मोह पडायला लागला तसं टोल्याच्या वाटेवर अस्वल आलं, आणि तुमच्या हातची शेवटची बातमी तीच आहे, 'टोल्याच्या वाटेवर अस्वल दिसले. मोहफुले वेचायला एकट्याने जाऊ नये. दोन घरे.' त्यातलं एक घर टोल्यातल्याच सलामेंचं. दुसरं माझं. माझ्या लेकीनं पाहिलं होतं आणि शाळेत जाता जाता तुम्हाला सांगितलं होतं. सलामे आणि आम्ही बोलत नाही हे तुम्हाला माहीतच. मला न विचारता तुम्ही माझ्या घराची साक्ष घेतली. यावर भांडायला यायचं मी ठरवत होते. तेवढ्यात एके सकाळी काकूंचा आवाज आला, आणि मी टोल्यातून धावत आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसलेले होतात, पाठ भिंतीला, चहाचा कप शेजारी न सांडलेला. भांडण तिथेच राहिलं.

आता कालचं सांगते. तुम्ही तिथे होतात की नव्हतात, ते मला माहीत नाही.

जेवणाआधी श्रद्धांजली झाली. पटलेभाऊंनी माइक घेतला. तुमच्या शिस्तीबद्दल बोलले, तुमच्या छडीबद्दल बोलले, लोक हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गुरुजींची शेवटची इच्छा होती की आपल्या गावचे पोट्टे मोठ्या शाळेत जावे. देवरीत साहेबासमोर त्यांनी होकार दिला होता. आता त्यांची इच्छा पूर्ण करणं, ही खरी श्रद्धांजली." समोरच्या रांगेत वरून आलेले साहेब बसले होते. त्यांनी मान हलवली. ती तुमच्यासारखी ऐकायची मान नव्हती, तिला पटलेलं होतं. पुढच्या ग्रामसभेत काय होणार ते मला तिथेच दिसलं. टोल्याच्या बाया मागे बसल्या होत्या, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी उठले. तेरवीच्या मांडवात असं बोलतात का. म्हटलं, "भाऊ, एक घर झालं. दुसरं घर कोणतं?"

गुरुजी, तुम्हाला बरं वाटलं असतं. त्या मांडवात बसलेला प्रत्येक माणूस तुमच्या हाताखालून गेलेला होता आणि प्रत्येकाला तो प्रश्न कळला. एकही माणूस असं म्हणाला नाही की, हे काय विचारून राहिली. सगळे दुसऱ्या घराची वाट बघत होते.

कटरे उठले. "मी सांगतो. मले बी माहीत आहे. होकार देल्ला होता."

माना माझ्याकडे वळल्या. पटले आणि कटरे. आता उरलं काय? मी खाली बसायला लागले. खरं सांगते, त्या क्षणी मला शाळेचंही वाईट वाटलं नाही. तुमचं वाटलं. वाटलं, माझा गुरुजी विकला गेला, आणि मेल्यावर का होईना, हे मला सगळ्यांसमोर कळलं.

तेवढ्यात उंबऱ्यातून काकू बोलल्या. बायांमध्ये बसल्या होत्या, पदर तोंडावर होता, आवाज मात्र स्वच्छ. "ते दोन घरं नाईत. एकच घर आहे ते."

कोणाला कळेना. काकू उठून उभ्या राहिल्या. "कटरेची पोरगी आन् पटलेचा पोरगा. साक्षगंध व्हायचा आहे पुढच्या महिन्यात. दिवाळीपासून बोलणं चालू आहे, माझ्याच घरी बसून चालू आहे. पोरीचं जुळून राहिलं होतं, जुळायच्या आधी गावात कायले बोलायचं, म्हणून वसंताच्या बाबायनं तोंड बंद ठेवलं. मलेबी बोलू देल्लं नाई. आता तुमीच तुमच्या तोंडानं त्यायचं नाव घेऊन राहिले, मंग मी काऊन गप्प राहू?"

दिवाळीपासून! म्हणजे होळीला कटरे साखर बांधताना बोलले तेव्हा तो धुरा मिटलेला होता. तराजूची दोन्ही पारडी एका हातात होती. सोयरे चालत नाहीत. 'अजून एक घर पाह्य' म्हणजे टाळणं नव्हतं, गुरुजी. तुम्ही नियम बदलला नव्हता, पाळत होतात. माझ्याकडे एकच घर होतं आणि तुम्ही मला दुसरं शोधायला सांगत होतात. कोणत्याही पोरीचं नाव न घेता यापेक्षा जास्त सांगता येण्यासारखं नव्हतं.

मागून सलामेंची म्हातारी म्हणाली, "मंग ते बातमी नाई." तेच सलामे, जे माझ्याशी बोलत नाहीत. पुढून कोणीतरी वरच्या मोहल्ल्यातलंही म्हणालं, "हाव, बातमी नाई ते." कटरे खाली बसले. साहेब पाणी प्यायला उठले. पटलेभाऊंनी माइक ठेवला आणि म्हणाले, "चला, पंगत बसू द्या, भात थंडा होऊन राहिला." शाळेचा विषय आता ग्रामसभेत जाईल, आणि तिथे तुमचं नाव कोणी घेणार नाही. आमचं काय ते आम्ही बघू.

पण मी तुम्हाला इतक्यात सोडणार नाही. माझ्या कानात सांगितलं असतंत तर? अंगणात मी, तुम्ही आणि काकू, दुसरं कोणी नव्हतं. 'यशोदा, ते आता सोयरे आहेत', एवढंच. मी कोणाला सांगणार होते? कटरेची पोरगी माझ्याकडून ब्लाउज शिवून घेते, तिच्या लग्नाचं माझ्या तोंडून फुटलं असतं? तुम्ही मला साक्षीला लायक समजलात, अस्वलाची साक्ष माझ्या घराची घेतलीत, आणि एक गुपित माझ्याजवळ ठेवता आलं नाही. मी तुमच्यावर संशय घेतला तसा तुम्हीही माझ्यावर घेतलात. याचं मला जास्त लागलं. रडायला येतं ते यानेच येतं.

आणि दुसरं. तुम्ही मुळात पटलेंच्या गाडीतून देवरीला गेलात कशाला? काल भांडी आवरताना विचारलं. वसंता म्हणाला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, गाडी जात होती म्हणून बसले. काकू म्हणाल्या, साहेबाले समजवायले गेले होते, शाळा राहू द्या म्हणून. एकाच घरातून दोन बातम्या. मायलेकांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणजे तुम्ही त्यांनाही नीट सांगितलेलं नाही. साहेबासमोर तुमची मान हलली असेल, हे मी पैजेवर सांगते, कारण ती कोणासमोर हलायची नाही? ती ऐकत होती की हो म्हणत होती, हे बघायला तिथे पटलेंशिवाय कोणी नव्हतं. म्हणून तुम्ही होकार दिला असं मी लिहिणार नाही, आणि दिला नाही असंही लिहिणार नाही. घर शोधते आहे. जागेचंही असंच आहे. तो साज, तो देव, ते पटलेंचे आजोबा. येत्या सव्वीस जानेवारीला शाळा उघडी असली, तर इतिहास मी सांगणार आहे, आणि जागेपाशी आले की पुढे निघून जाणार नाही. 'टोल्याचे एक घर म्हणते' असं म्हणून सांगेन. ही वाट तुम्हीच काढून ठेवली आहे, आता मला ओरडू नका.

राहिली तुमची बातमी. सकाळी वसंता पुन्हा आला होता. "यशोदाताई, लिहून टाक ना वो. लोकं विचारून राहिले." मी म्हटलं, तुझं एक घर झालं. दुसरं सांग. तो विचारात पडला. सगळा गाव रडला होता, सगळा गाव मांडवात जेवला होता, पण तुमच्या घराशी न बोलणारं घर? तुमचं कोणाशीच बंद नव्हतं. पटलेभाऊसुद्धा रोज रामराम घालायचे. वसंतानं बोटं मोडली, मान खाजवली, आणि मग माझ्याकडे बघितलं. तोही तुमचाच मुलगा. खडूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि निघून गेला.

सगळ्या गावात एकच घर आहे, गुरुजी. होळीला तुमच्या अंगणात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेलेलं. माझी भीती आता दुसरीच आहे. कालपासून माझ्या मनातला राग विरघळत चालला आहे. काकूंना बिलगून रडले तेव्हा बराचसा गेला. तो सगळा गेला तर माझी साक्ष चालणार नाही, आणि तुमची बातमी कायमची राहून जाईल. म्हणून थोडा राग मुद्दाम ठेवला आहे, कानात न सांगितल्याचा. तो तसाच राहू द्या, मिटवायला येऊ नका.

आता ओलं फडकं घेऊन फाटकाशी आले आहे. लेक शेजारी उभी आहे. तुमचं अक्षर वाऱ्यानं अर्धं गेलंय, अस्वल मात्र वाचता येतं. पुसवत नव्हतं. पुसलं. रात्रभर भिजवलेला खडू घेतला आणि लिहिलं,

बिसेन गुरुजी गेले.
दोन घरे.